नावाचा कॉलम एनव्हारचारच ठेवा
एसक्यूएल सर्व्हरमध्ये (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) नाव, पत्ता, शेरा यांच्या कॉलमसाठी एनव्हारचारच (nvarchar, कुठल्याही लिपीतला मजकूर ठेवणारा युनिकोड प्रकार) घ्या. साध्या व्हारचारमध्ये (varchar, युनिकोड नसलेला मजकुराचा प्रकार) ‘ज्ञानेश्वर’ टाकलं की 10 प्रश्नचिन्हं उरतात. मग कॉलमचा प्रकार बदलला तरी मूळ नाव परत येत नाही. क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) मजकूर थेट लिहिताना अवतरणचिन्हाआधी कॅपिटल एन हवाच, म्हणजे N'ज्ञानेश्वर' असं. तो राहिला तर एनव्हारचारमध्येही प्रश्नचिन्हंच जातात, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते.

कॉलमची लांबी सढळ ठेवा. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना 4 अक्षरं दिसतं, पण काना, मात्रा, हलन्त धरून ते 10 जागा घेतं.

2019च्या आवृत्तीपासून यूटीएफ-8 (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) कोलेशन, म्हणजे मजकूर साठवण्या-लावण्याच्या नियमांची सेटिंग, लावून व्हारचारमध्येही मराठी राहते. मात्र तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, एनव्हारचारमध्ये 2. पॅन, आयएफएससी कोड यांत फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात, ते मात्र खुशाल साध्या व्हारचारमध्ये ठेवा.