बदकाची पिल्लं आधी कोरडी ठेवा, पोहणं नंतर

पिल्लं आणायचीच असतील तर फेब्रुवारी सरत येऊ द्या. आमचं गाव निफाड तालुक्यात. कडाक्याच्या थंडीत इथला पारा पाच अंशांच्याही खाली जातो, द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या दिवसांत दोन दिवसांचं पिल्लू जगवायचं म्हणजे रात्रभर जागरण. आणि एकटं पिल्लू कधी आणू नका, चार-सहा तरी हवीत. एकटं असलं की ओरडून घर डोक्यावर घेतं.

जात निवडताना अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल, मांसासाठी पांढरं पेकिन. खाकीची मादी नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या आसपास अंडी देते, पण अंड्यांवर बसायचं म्हणाल तर नाव नको. म्हणून आमच्या सासूबाई बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस लागतात, बदकाच्या 28. शेवटच्या आठवड्यात उठून जाणार नाही अशी चिवट कोंबडी त्या बरोबर हेरतात.

विकतची पिल्लं आणली की ऊब तुम्हालाच द्यायची. पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्ब जुना पिवळाच हवा, एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. तो नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने बांधा; खाली तूस असतो, आग लागायला वेळ लागत नाही. थर्मामीटर नसला तरी चालेल. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर त्यांना गारठा वाजतोय, चोची उघड्या टाकून लांब पळाली तर उकडतंय. पसरून निवांत झोपली असली की तुम्हीही झोपायला जा. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवायच्या.

खाली वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावरून पाय घसरतात, फाकतात आणि मग पिल्लू उभंच राहत नाही. इगतपुरीकडच्या भाताच्या गिरण्यांतून साळीचा तूस आणा, पहिले काही दिवस त्यावर जुनं गोणपाट टाका, म्हणजे पिल्लं तूस खात बसणार नाहीत.

आता पाणी. पाहुणे येतात, पिल्लं बघतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: टाकीत सोडली नाहीत का अजून? नाही सोडली. आईसोबत वाढणाऱ्या पिल्लाच्या अंगाला तिच्या पिसांचं तेल लागतं. विकतच्या पिल्लाला ते मिळत नाही आणि त्याची स्वतःची तेलग्रंथी अजून पुरेशी कामाला लागलेली नसते. लव भिजते, अंग गार पडतं, पिल्लू बुडतंसुद्धा. दहाएक दिवसांनंतर परातीत कोमट पाणी घ्या, पिल्लं उभी राहू शकतील इतकंच. पाच मिनिटं खेळू द्या, पुसा, परत बल्बखाली. अंगभर पिसं यायला सात-आठ आठवडे लागतात. खरं पोहणं तेव्हा.

प्यायचं पाणी मात्र नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, कारण त्यातच ती नाक-डोळे धुतात. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनला बाजूने डोकं जाईल एवढंच भोक पाडा आणि कॅन जाळीवर ठेवून खाली ताट सरकवा. तरीही सांडतील. ओला तूस रोज काढा, वास येईपर्यंत थांबू नका.

खाद्य पाण्याशिवाय कधी ठेवू नका, कोरडा भुगा घशात अडकतो. दुकानात बदकाचं खाद्य बहुधा मिळत नाही, कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचं खाद्य घ्या, पण औषध न घातलेलं मागा. त्यात एक उणीव असते: नायसिन, म्हणजे बी-3 जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लाला किलोभर खाद्यात 55 मिलीग्रॅम लागतं, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त. कमी पडलं की पाय वाकतात. पशुखाद्याच्या दुकानातून ब्रुअर्स यीस्ट आणून खाद्यात मिसळा, वर शिजवून कुस्करलेले मटार द्या.

मका आपल्याकडे घरचाच असतो, म्हणून पावसात भिजलेला, काळपट पडलेला पिल्लांपुढे टाकायचा मोह होतो. टाकू नका. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने टर्कीची लाखावर पिल्लं दगावली, बदकाचीही गेली. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष त्यातूनच उजेडात आलं, आणि बुरशी लागलेल्या मक्यातही ते असू शकतं. या विषापुढे बदकाचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा फार लवकर हार मानतं. कांदाचाळीतला सडका कांदाही नको.

मोठी झाली की बागेत सोडा, गोगलगायी वेचून खातात. फवारणी झालेल्या बागेत मात्र नाही. प्लास्टिकच्या शेततळ्यातही तशीच सोडू नका. निसरड्या कडेवरून त्यांना वर चढता येत नाही, दमून बुडतात. काठावरून पाण्यात गोणपाटाची पट्टी सोडून तिचं वरचं टोक पक्कं बांधा. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याच्या आसपास राहत असाल तर आणखी एक पथ्य: हिवाळ्यात तिथे रानबदकं उतरतात आणि बर्ड फ्लूचा विषाणू त्यांच्या अंगात असू शकतो. आपली बदकं त्या पाण्यावर नेऊ नका. बदकांच्या प्लेगच्या लसीचं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवा.

रात्री कोंडायचं ते बारीक जाळीत. मुंगूस बोटभर फटीतूनही वाट काढायला बघतं आणि एक नेऊन थांबत नाही.

नर-मादी ओळखायला दीडदोन महिने थांबा. मादी खणखणीत ओरडते, नराचा आवाज घोगरा, पुढे त्याच्या शेपटीवर पीस वर वळतं. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे. जास्तीचे ठेवले तर माद्यांच्या मानेवरची पिसं उपटून काढतात, तेव्हा ते वेळीच विकून टाका.