परसातली पिल्लं वाढवताना या चुका टाळा

कोंबडीची पिल्लं आणून चार दिवस झाले की त्यांचे स्वभाव दिसायला लागतात. एखादं दार उघडताच हातावर उडी मारतं, एखादं दुसऱ्याच्या चोचीतली वाळवी पळवतं, एखादं सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत भिंतीला चिकटून उभं राहतं. घरातली मुलं लगेच त्यांना नावंही देतात. मोठी माणसं मात्र 'दहा पिल्लं' एवढंच मोजतात, आणि परसातली बरीचशी मरतूक इथूनच सुरू होते असं माझं ठाम मत आहे.

कारण कोंबडी आजार लपवते. कळपातली एखादी दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचतात, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ती सगळ्यांसारखीच वागत राहते. पंख पाडून, डोळे मिटून बसलेली दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याआधी हाती लागते ती खूण म्हणजे तिच्या नेहमीच्या वागण्यातला बदल. धीट पिल्लू सकाळी दाण्याला धावलं नाही, तर त्याच दिवशी ते वेगळं काढा आणि त्याची विष्ठा बघा. लाजरं पिल्लू मागे राहिलं, तर ते रोजचंच आहे.

पिल्लं एकसारखी दिसत असतील तर पायात रंगीत प्लास्टिकच्या रिंगा घाला. दोरा किंवा लोकर बांधू नका. पिल्लाचा पाय भराभर जाड होतो, दोरा कातडीत रुततो आणि पिल्लू लंगडायला लागल्यावरच कळतं. रिंगसुद्धा आठवड्यातून एकदा हलवून बघावी.

एलईडीच्या उजेडात ऊब नसते

पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करत न्यायची. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिसं भरली की बाहेरून ऊब द्यावी लागत नाही. एलईडी बल्बने फक्त उजेड पडतो, म्हणून ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्बच लावा. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडून लांब पळत असतील तर उकडतं आहे. सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर कुठून तरी वारा लागतो आहे. एकटं लाजरं पिल्लू कोपऱ्यात बसलं म्हणून बल्ब वर-खाली करू नका. बहुतेक पिल्लं काय करतात ते बघा.

पावसात रात्रभर वीज गेली, तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून आत ठेवा. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका. धूर दिसला नाही तरी त्यातला वायू जीव घेतो.

ओलं तूस

कोकणात पिल्लांचा सगळ्यात मोठा वैरी पाऊस आहे. कोल्हा-मुंगसापेक्षा मी त्यालाच जास्त भितो. जमिनीवर भाताचं तूस दोन-तीन इंच पसरतात, ते ठीक. पण आषाढात हवाच एवढी दमट असते की पागोळी आत आली नाही तरी तूस ओलावतं आणि पाण्याच्या भांड्याभोवती त्याचा चिखल होतो. तिथेच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना हा आजार जास्त धरतो. विष्ठेत रक्त दिसलं तर घरगुती उपायात दिवस घालवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणा. अधूनमधून पडणारी तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठा मात्र नेहमीचीच, तिला घाबरायचं कारण नाही.

मूठभर तूस दाबून बघा. गोळा झाला तर ते ओलं आहे. रोज खालीवर करा, भांड्याजवळचं काढून टाका, पाण्याचं भांडं विटांवर ठेवा. खाली वाकल्यावर ओल्या तुसातला अमोनिया वायू डोळ्यांना झोंबला, तर पिल्लांना दिवसभर तेच सोसावं लागतं आहे. पाऊस लागतो म्हणून खुराडं चारी बाजूंनी प्लास्टिकने बंद करतात, त्यामुळे हा वायू आतच कोंडतो. पावसाच्या बाजूला झापं लावा, बाकी जाळी मोकळी ठेवा. बुरशी आलेला पेंढा आणि कुबट वास येणारा दाणा फेकून द्या, वाळवून परत वापरू नका.

दाणा

नुसत्या कणीवर आणि उरलेल्या भातावर पिल्लू वाढत नाही, त्यात प्रथिनं फार कमी असतात. पहिले आठ आठवडे साधारण २० टक्के प्रथिनांचं स्टार्टर खाद्य द्यावं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, घालू नये, त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. मीठ लावलेल्या सुक्या मासळीचे तुकडेही घालू नयेत, पिल्लांना मीठ बाधतं.

एकच भांडं ठेवणं ही आणखी एक चूक. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्ब यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची शास्त्रीय मांडणी केली. एकच भांडं असलं की वरची ते अडवते आणि खालची अर्धपोटी राहते. दोन भांडी एकमेकांना न दिसणाऱ्या जागी ठेवा, लाजऱ्यांची वाढ लगेच सुधारते. रक्त आलेलं पिल्लू मात्र ताबडतोब वेगळं करा. लाल दिसलं की शांत पिल्लंसुद्धा टोचायला लागतात.

लस

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात थेंबाने देतात, गंबोरो या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची १४व्या दिवसाच्या सुमारास. लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात देतात. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते, म्हणून दहा पिल्लंवाले ती घेतच नाहीत. वाडीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवा आणि कुपी बर्फात आणा. लस पाण्यातून द्यायची असेल तर टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पूड) घातलेलं पाणी चालत नाही, त्याने लस मरते.

नवीन पक्षी

बाजारातून आणलेली तलंग त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडू नका. दोन-तीन आठवडे ती लांब, वेगळ्या जागी ठेवा. ती ठणठणीत राहिली तर आठवडाभर जाळीच्या पलीकडून दोन्ही बाजूंना एकमेकींना बघू द्या. एकटी आणण्यापेक्षा जोडी आणलेली बरी, टोचणं विभागलं जातं. त्यानंतर काळोख पडल्यावर त्यांना दांडीवर बाकीच्यांच्या शेजारी बसवा. दुसऱ्या दिवशी थोडी चोचाचोची होणारच, मध्ये पडू नका. रक्त आलं किंवा नवीन तलंग दाण्याकडे फिरकलीच नाही, तरच ती बाहेर काढा आणि जाळीपासून पुन्हा सुरुवात करा.