सिगरेट परत सुरू झाली? वेपच्या मागे लागण्याआधी हे वाचा

सुटलेली सिगरेट परत हातात आली की आधी डोक्यात येतं ते वेप, म्हणजे ई-सिगरेट, कारण इंग्लंडमध्ये तर सरकारी आरोग्य सेवाच म्हणते की सिगरेट सोडायला वापरा. पण भिया, आपल्याकडे 2019 च्या कायद्याने ई-सिगरेट विकणं, मागवणं, साठवणं सगळं बंद आहे, मग इथे इंदूरला राजवाड्याकडे कोणी गुपचूप दिली तरी आत काय भरलंय कोण सांगणार.

त्यापेक्षा निकोटिन गम घ्या, 2 एमजीची मेडिकलवर मिळते, उठल्याउठल्या अर्ध्या तासात सिगरेट लागत असेल तर 4 एमजीचं डॉक्टरांना विचारा. ही च्युइंगगमसारखी चघळत बसायची नाही हं, लोक तिथेच चुकतात नि मग उचकी, मळमळ! हळू चावा, तिखट झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा, चव गेली की परत चावा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नाही, त्याने निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणजे पोह्यांनंतरचा कट चहा आधी उरकून घ्या.

टपरीवाली गँग काही दिवस टाळाच. तलफ बहुतेकदा पाच-दहा मिनिटांत उतरते, नाहीच उतरली तर तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला, 1800-11-2356 ला फोन लावा, फुकट आहे.