सीमाभागातले करखटले : सरकारी वकिलांनो, या चुका टाळा

नव्या सरकारी वकिलांसाठी राज्यकर कायद्याचा वर्ग असला की पहिल्या तासाला मी पुस्तक उघडू देत नाही. फळ्यावर एक रेघ ओढतो. अलीकडे बेळगावचं उद्यमबाग, पलीकडे चंदगड तालुक्यातली शिनोळी. फाउंड्रीवाला सकाळी कास्टिंग टेम्पोत घालतो, बाची गाव मागं पडलं की टेम्पो महाराष्ट्रात, आणि ड्रायव्हर दुपारी जेवायला घरी. ही विक्री कसली? अर्धा वर्ग म्हणतो, स्थानिक.

चूक. मालाचा पोचवण्याचा प्रवास जिथं थांबतो ते पुरवठ्याचं ठिकाण, असं आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) कायद्याचं कलम 10 सांगतं. गाव एकच वाटलं तरी राज्य दुसरं, म्हणून आयजीएसटी. बिलात सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात लागणारा केंद्राचा आणि राज्याचा कर, लावलं असेल तर व्यापारी चुकला. पण मग खात्याची नोटीस येते, तीत कराबरोबर व्याजही असतं, आणि आपला वकील ते व्याज जीव तोडून रेटतो. राज्यांतर्गत समजून कर भरला आणि नंतर व्यवहार आंतरराज्य ठरला, तर व्याज नाही. आयजीएसटीच्या कलम 19 मध्ये हे स्पष्ट आहे. चुकून भरलेला करही सीजीएसटीच्या कलम 77 खाली परत मिळतो. न्यायाधीशांनी दाखवून देण्याआधी आपणच तेवढी मागणी सोडावी, बाकीचा दावा निदान उभा राहतो.

तेच कास्टिंग विक्रीला नसून मशिनिंगला, म्हणजे जॉबवर्कला (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) जात असेल तर उलटा घोळ. मालाची किंमत तीस हजार, ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या बिलाची) मर्यादा पन्नास हजार, म्हणून वकील गप्प बसतो. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवताना सीजीएसटी नियम 138 खाली किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. हातातला मुद्दा असा सोडलेला मी पाहिला आहे.

आता रस्त्यावर अडवलेल्या गाड्या. जीएसटीनंतर विक्रीकराचे नाके गेले, फिरती पथकं आली, तरी लोक अजून ‘कोगनोळी नाक्यावर धरली’ असंच म्हणतात. या फायलींमध्ये सगळ्यात कच्चा कागद ड्रायव्हरच्या जबाबाचा. एका प्रकरणात ड्रायव्हर कागलकडचा, मराठीशिवाय काही न येणारा. जबाब सुरेख कन्नडमध्ये, खाली त्याची मराठी सही. कोर्टाने एवढंच विचारलं, याला हे वाचून कुणी दाखवलं? उत्तर नव्हतं. जबाब कन्नडमध्ये लिहायला कुणाची ना नाही, पण ‘मराठीत समजावून सांगितला, बरोबर असल्याचं मान्य केलं’ ही ओळ आणि समजावणाऱ्याची सही हवी. ती नसेल तर जबाबावर फार भिस्त ठेवू नका, बिल, वजनकाटा आणि टोलच्या पावत्यांवर उभे राहा. (आपण सीमेवरची माणसं दोन्ही भाषा बोलतो, म्हणून सगळेच बोलतात असं धरून चालतो.)

त्याच फायलीत तारखा तपासा. सीजीएसटीच्या कलम 129 (वाटेत माल आणि गाडी अडवणं) खाली 1 जानेवारी 2022 पासून माल अडवल्यावर सात दिवसांत नोटीस, आणि नोटीस बजावल्यापासून सात दिवसांत आदेश. शिवाय 2018 च्या परिपत्रकानुसार पिनकोड किंवा गाडीच्या नंबरातला एखाददुसरा आकडा चुकला एवढ्यावर 129 लावायचं नसतं, केंद्र आणि राज्याच्या पाचशे-पाचशेच्या दंडावर विषय मिटतो. अशी केस लढवण्यात अर्थ नाही. खात्याला तसं लेखी कळवा.

निपाणीच्या तंबाखूत वेगळाच सापळा. शेतकऱ्याकडून पाला घेतला तर कर उलट पद्धतीने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा. दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला तर विकणाऱ्याने. सोलायच्या आधीच्या काजूबियांनाही हेच लागू. म्हणजे वाद कराचा नसून विकणारा शेतकरी आहे की नाही याचा, आणि त्यासाठी जमिनीचा उतारा फायलीत लागतो. कर्नाटकातल्या जमिनीचा आरटीसी, कागलच्या जमिनीचा सातबारा. नुसती अडतीची पट्टी जोडून भागत नाही.

इनपुट क्रेडिटच्या (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीच्या) प्रत्येक केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा इकॉम गिल कॉफी निकाल ठोकून देण्याची सवयही वाढली आहे. निकाल आपल्या राज्याच्या बाजूचा आणि चांगला आहे : नुसतं बिल आणि चेक पुरेसा नाही, माल खरोखर हलला हे व्यापाऱ्याने सिद्ध करावं. पण तो जीएसटीआधीच्या केव्हॅट (कर्नाटक व्हॅट) कायद्याच्या कलम 70 वरचा. जीएसटीच्या केसमध्ये आधी सिद्ध करण्याचा भार व्यापाऱ्यावर टाकणारं सीजीएसटीचं कलम 155 मांडा, मग हा निकाल.

शेवटी मुदत. बेळगावची रिट धारवाड खंडपीठात जातात, फाइल बेंगळुरूला फिरून येते आणि महिने उलटतात. कलम 107 खाली खात्याला अपिलाला आदेश कळल्यापासून सहा महिने, वर फार तर एक महिना माफी. हायकोर्टात कलम 117 खाली 180 दिवस. ‘फाइल मंजुरीला होती’ हे कारण चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच पोस्ट खात्याला लिव्हिंग मीडियाच्या निकालात ऐकवलं आहे. आदेशाची प्रत हातात आली त्याच दिवशी फायलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर ती तारीख शाईने लिहा, आणि खाली मुदत संपते ती तारीखही.