एआरटीवरच्या आईनं बाळाच्या वाढीवर लक्ष कसं ठेवावं

मी सांगली जिल्ह्यात एचआयव्ही समुपदेशक आहे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे रोजचे उपचार, घेणाऱ्या बाळंतिणी मला सारख्या विचारतात, "ताई, माझ्या गोळ्यांमुळं बाळ बारीक राहिलं का?"

आधी एक सांगते, गोळी एक दिवसही चुकवू नका. उपचार नसतील तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना संसर्ग होऊ शकतो, नीट घेतले तर पाचपेक्षाही कमी. संसर्ग न झालेली अशी बाळंसुद्धा सरासरीनं थोडी लहानखुरी असतात, हे खरं. पण त्यामागं आईचं अंगावर काढलेलं आजारपण, कमी रक्त, टीबी, घरातली खाण्याची ओढाताण अशी कितीतरी कारणं असतात. लोपिनाविर या औषधाचा वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणाशी संबंध दिसला होता. आता बहुतेकींना मिळणाऱ्या टीएलडीच्या (टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर या तीन औषधांच्या) गोळीत ते नाही.

सुरुवात गरोदरपणातच करा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी टीएलडीबरोबर घेतली, तर डोलुटेग्रॅव्हिर अंगात नीट शोषलं जात नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासून घ्याच. बाळाला संसर्ग टाळायला एक औषध द्यायचं की दोन, हे त्यावरून ठरतं.

जन्माचं वजन कार्डावर लिहिलंय ना, ते स्वतः बघा. बाळाला द्यायच्या नेविरापिन या औषधाचा डोस त्यावरच असतो. दोन औषधांत झिडोवुडिन असेल तर त्यानं कधीकधी रक्त कमी होतं, म्हणून बाळ पांढुरकं दिसलं तर लगेच दाखवा.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. घुटी नको, मध नको, पाण्याचा थेंब नको, आणि "पोट भरत नाही" म्हणून सासूबाईंनी दिलेलं वरचं दूध तर नकोच. अंगावरचं आणि वरचं एकत्र दिलं की आतड्याला इजा होऊन संसर्गाचा धोका वाढतो. जुलाब लागले की वजनही घसरतं. मी यावर सासूबाईंशीही बोलते, पण आईनं होकार दिला तरच, आणि आजाराचं नाव न काढता.

वजन दर महिन्याला अंगणवाडीत, शक्यतो त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत करा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात. शेजारणीच्या गुटगुटीत बाळाशी तुलना करू नका, तुमच्या कार्डावरची रेघ बघा. लहान जन्मलेलं बाळ खालच्या रेघेवरून का होईना, वर चढत असेल तर घाबरायचं कारण नाही. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर पुढच्या महिन्याची वाट न बघता डॉक्टरांकडं जा. बाळाला संसर्ग झाला असेल तर कधीकधी तो आधी वजनातच दिसतो, टीबीही तसाच. सहा महिन्यांनंतर दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी दाखवा.

सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात तूप घालून, नाचणीची पेज, कुस्करलेलं अंडं सुरू करा, दूध चालू ठेवून.

बाळाची एचआयव्हीची रक्ततपासणी सहा आठवड्यांनी, मग ६, १२ आणि १८ महिन्यांनी. आईची प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात बरेच दिवस राहतात, म्हणून साध्या, म्हणजे प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या, तपासणीचा पक्का निकाल अठराव्या महिन्यातच कळतो.

अंगणवाडीताईंना तुमचा आजार सांगायची सक्ती नाही; २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुम्हाला दिलाय. वजन करायला कार्ड पुरतं. अडलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.