बूटेबल बॅकअप घेताय? या चुका टाळा

"दादा, सगळा बॅकअप आहे, पण यावरून कॉम्प्युटर चालूच होत नाही." असं म्हणत दर महिन्याला कुणीतरी एक्स्टर्नल ड्राइव्ह घेऊन दुकानात येतंच. उघडून बघावं तर सी ड्राइव्हमधले फोल्डर उचलून कॉपी-पेस्ट केलेले. त्याने फोटो आणि हिशेब वाचतात, मशीन उठत नाही. कॉम्प्युटर सुरू म्हणजे बूट करणाऱ्या फाइली डिस्कच्या वेगळ्या, छोट्याशा भागात, ईएफआय पार्टिशनमध्ये असतात. बहुतेकदा ते जेमतेम 100 एमबीचं असतं आणि एक्सप्लोररमध्ये दिसतही नाही. क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करायचा तर अख्ख्या डिस्कचा करा.

आता माझी लाडकी चूक. लाडकी, कारण ती मी स्वतः करून बसलोय. मार्चअखेर, एका दुकानदार काकांची टॅलीची मशीन. जुनी डिस्क 500 जीबी, नवीही तेवढीच, कंपनीही तीच. क्लोनझिला या क्लोन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची नावं नुसती एक एसडीए, दुसरी एसडीबी. ते 'नक्की ना?' असं पुन्हा पुन्हा विचारतं, मी पुन्हा पुन्हा 'वाय' दाबलं. काम दोन-तीन मिनिटांत आटोपलं आणि तिथेच पोटात गोळा आला, कारण भरलेली डिस्क एवढ्यात होत नाही. रिकामी डिस्क भरलेलीवर चढवली होती. क्लोनझिला फक्त वापरातले ब्लॉक लिहितं, म्हणून रिकव्हरीत दोन रात्री घालवून बराच डेटा हाती लागला, पण फाइलींची नावं गेली. काका एवढंच म्हणाले, "बॅकअप घेत होतास की झाडलोट?"

तेव्हापासून दोन्ही डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहितो, वर 'कुठून' आणि 'कुठे'. नवा ड्राइव्ह मुद्दाम मोठा आणायला लावतो. 500 शेजारी 1 टीबी दिसला की हात आपोआप थांबतो. तसाही क्लोनझिलाला नेहमीच्या पद्धतीत लहान डिस्क चालत नाही.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप हे सेटिंग आधी बंद करा. नाहीतर विंडोज बंद झालेलं नसतं, झोपलेलं असतं.

डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करणाऱ्यांना माझा नमस्कार.

यूएसबी 2 च्या पोर्टवर 400 जीबीला तीन-चार तास लागतात. 'पाच मिनिटांत क्लोन'चे व्हिडिओ बघून आलेले मध्येच केबल उपटतात. त्यांनी या वाटेला जाऊच नये.

आणि क्लोन झाला की चालवून बघा! इथे एक गोम आहे. नेहमीचं विंडोज यूएसबीवरून बूट व्हायला बनवलेलंच नाही. त्यासाठीची 'विंडोज टू गो' ही सोय मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये, 2004 या आवृत्तीपासून काढून टाकली. त्यामुळे निळ्या स्क्रीनवर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं म्हणून क्लोन वाया गेला असं समजू नका. डिस्क काढून मशीनच्या आत बसवा आणि मग बघा. म्हणूनच मी बंद डबीतला पोर्टेबल ड्राइव्ह घेऊ देत नाही. काहींच्या बोर्डावरच यूएसबीचा सॉकेट असतो, आत बसवणार कसा? साधी साटा जोडणीची एसएसडी आणि ती यूएसबीला जोडायची वेगळी डबी, म्हणजे एन्क्लोजर, घ्या. मशीन एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारच्या एसएसडीवर चालत असेल तर त्याच जातीची.

अ‍ॅपलच्या एम1 चिपपासून पुढच्या मॅकवाल्यांनी हा खटाटोपच करू नये. आतली एसएसडी मेली की ते मॅक बाहेरच्या ड्राइव्हवरूनही उठत नाहीत. मॅकमधलंच बॅकअपचं टाइम मशीन लावा, डेटा सांभाळा.