झेड ड्राइव्ह दिसत नाही? डायलॉगच्या मागे लागू नका

डेस्कटॉप प्रोग्रामिंगमध्ये नवीन आलात की असलं काम हमखास गळ्यात पडतं: जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘बॅकअप कुठे ठेवायचा’ असं बटण टाका. सी-शार्पमध्ये चार ओळी. फोल्डरब्राउझरडायलॉग, शोडायलॉग, ओके आलं का ते तपासा, पाथ घ्या. तुमच्या मशीनवर चालतं. मग ते क्लायंटकडे जातं.

साध्या अडचणी आधी उरकते. ‘सिंगल थ्रेड अपार्टमेंट’वाली एरर आली, तर डायलॉग तुम्ही टास्क डॉट रनच्या आत उघडला आहे. विंडोज शेलचे डायलॉग एसटीए, म्हणजे याच सिंगल थ्रेड अपार्टमेंटच्या थ्रेडवर चालतात आणि टास्क डॉट रन वापरतो ते थ्रेड पूलमधले थ्रेड एमटीए, म्हणजे मल्टी थ्रेड अपार्टमेंटचे असतात. मेन फंक्शनवर एसटीएथ्रेड लिहिलेलं तिथे कामाला येत नाही. फोल्डर मुख्य थ्रेडवर विचारा, कॉपीचं काम बॅकग्राउंडला द्या. प्रोग्राम गोठल्यासारखा वाटला तर डायलॉग मागे लपलाय का ते पाहा. शोडायलॉगला ओनर म्हणून आपली विंडो दिली की तो पुढेच राहतो. डब्ल्यूपीएफवाल्यांनो (विंडोज फॉर्म्सऐवजी डॉटनेटची ही दुसरी विंडो-लायब्ररी वापरणारे), तुमचा स्वतःचा फोल्डर डायलॉग डॉटनेट ८ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. जुन्या व्हर्जनवर असाल तर विंडोज फॉर्म्सचा वापरा, त्यात कमीपणा नाही.

आता ज्याने माझा घाम काढला ते. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपचे अकाउंटंटकाका फोनवर: “बेन, झेड ड्राइव्ह क्यां गई?” म्हणजे कुठे गेला. झेड हा त्यांचा मॅप केलेला ड्राइव्ह: नेटवर्कवरचं शेअर्ड फोल्डर, ड्राइव्हचं अक्षर देऊन जोडलेलं. त्यांच्या एक्सप्लोररमध्ये झेड व्यवस्थित दिसतोय, आतल्या फाइली उघडतायत. आमच्या डायलॉगमध्ये सी आणि डी, बस्स. मी रूटफोल्डर बदलला, सिलेक्टेडपाथ बदलला, जुना डायलॉग काढून नवा टाकला. काही फरक नाही, कारण डायलॉगमध्ये बिघाड नव्हताच. प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालत होता.

हे नीट समजून घ्या, घाई करू नका. व्हिस्टापासून विंडोजमध्ये यूएसी, म्हणजे यूजर अकाउंट कंट्रोल आहे. ॲडमिन खात्याने लॉगिन केलं की विंडोज दोन टोकन (अधिकारांची ओळखपत्रं) बनवतं, एक साधं आणि एक पूर्ण अधिकारांचं, आणि प्रत्येकाचं लॉगऑन सेशन वेगळं. मॅप केलेला ड्राइव्ह खात्याला नाही, त्या सेशनला बांधलेला असतो. एक्सप्लोरर साध्या टोकनवर चालतो, झेड तिथे जोडलेला. आपला प्रोग्राम दुसऱ्या सेशनमध्ये, आणि त्याच्या लेखी झेड अस्तित्वातच नाही. माणूस तोच, खुर्ची तीच, तरी. आणि काकांचं खातं साधं असून ॲडमिनचा पासवर्ड दुसऱ्याच कुणी टाकत असेल, तर प्रोग्राम चक्क वेगळ्या यूजरच्या नावाने चालतो.

खात्री करायची तर दोन कमांड प्रॉम्प्ट उघडा, एक साधा, एक ॲडमिनचा. दोन्हींत डीआयआर लिहून झेडची यादी मागा. एकात आली आणि दुसऱ्यात नाही, की निदान झालं. आणखी एक खूण: एक्सप्लोररमधून फाइल ओढून तुमच्या विंडोत टाकता येत नाही, तेही प्रोग्राम ॲडमिनने चालत असल्यामुळेच.

इंटरनेटवर यावर एक रजिस्ट्रीचा तोडगा मिळेल, एनेबललिंक्डकनेक्शन्स. त्याची किंमत १ करा, मशीन रिस्टार्ट करा, झेड दिसतो. मला तो अजिबात आवडत नाही. क्लायंटच्या प्रत्येक मशीनवर जाऊन कोण करणार? आणि वेगळ्या यूजरच्या प्रकारात तो चालतही नाही. खरा प्रश्न असा, की बिलिंगच्या प्रोग्रामला ॲडमिन लागतोच कशाला? आमच्याकडे उत्तर निघालं: कुणा सीनियरने सेटिंगची फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवली होती, लिहिता येईना म्हणून मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामला कोणते अधिकार लागतात ते विंडोजला सांगणाऱ्या फाइलमध्ये, ॲडमिन सक्तीचा केला. ‘ॲडमिनने चालव, होऊन जाईल’ म्हणणाऱ्या सीनियरपासून चार हात लांब राहा. बाकी विषयांत तो कितीही हुशार असो. फाइल ॲपडेटा या यूजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हलवली, मॅनिफेस्टमध्ये ॲजइनव्होकर (चालवणाऱ्याच्याच अधिकारांनी चाल) केलं, झेड हजर.

घाबरू नका, कोड फारसा बदलावा लागत नाही. बडोद्याच्या कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजातून इंजिनिअर होऊन आलेली मुलंसुद्धा इथे अडखळतात, कारण हे डायलॉगच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सापडत नाही. शोधायचं असतं यूएसीखाली. स्वतःच्या मशीनवर हा घोटाळा करून पाहा: शेअर्ड फोल्डर मॅप करा आणि व्हिज्युअल स्टुडिओ ॲडमिनने उघडून एफ-फाइव्ह दाबा. तुमचा प्रोग्रामही ॲडमिनच होतो आणि ड्राइव्ह गायब.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून पाळा. निवडलेला पाथ सेटिंगमध्ये ‘झेड’ने साठवू नका. डब्ल्यूनेटगेटकनेक्शन या विंडोजच्या फंक्शनने झेडमागचं शेअर काढा आणि पूर्ण नेटवर्क पाथ साठवा, दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा. रात्रीचा बॅकअप पुढे विंडोज सर्व्हिसवर (लॉगिनशिवाय मागे चालणाऱ्या प्रोग्रामवर) टाकलात तर तिलाही झेड दिसणार नाही, पूर्ण पाथ चालेल. फक्त सर्व्हिस ज्या खात्यावर चालते त्याला त्या शेअरवर लिहायची परवानगी हवी. ती क्लायंटच्या नेटवर्कवाल्याकडून इन्स्टॉलेशनच्याच दिवशी मागून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.